जेबाची सावड

दहावीच्या वर्षी उज्वलाची विभागीय स्पर्धा आणि तिच्या बापाचं, ग्यानोबाचं, सोयाबीन एकाच आठवड्यात आलं. स्पर्धांच्या तारखा ठरवणाऱ्या साहेबाच्या घरी शेत नसणार, नाहीतर दरवर्षी ऐन काढणीत त्यानं पोरांना खेळायला बोलावलं नसतं. शेंगा वाळून खडखडत होत्या. आभाळ खाली आलं होतं. मजूर मोठ्या कास्तकारांनी आधीच सांगून ठेवलेले. ग्यानोबासारख्या लहान माणसाच्या शेतात कोण येतंय?

उज्वला देगलूरच्या शाळेच्या व्हॉलीबॉल संघात मारणारी होती. हाडापेरानं मोठी, उंच, दंडात बापाचं बळ. नेटवर आलेला चेंडू ती असा हाणायची की समोरच्या पोरी खेळायचं सोडून तोंड सांभाळायच्या. लातूरच्या स्पर्धेतून राज्याच्या संघासाठी पोरी निवडल्या जाणार होत्या. हे ग्यानोबाला तिनं चार वेळा सांगून झालं होतं.

"लातूर पुढल्या वर्षी बी तिथंच राहील," ग्यानोबा विळ्याला धार लावत म्हणाला. "सोयाबीन राहत न्हाई."

"पुढल्या वर्षी मी शाळेत न्हाई राहत, बाबा."

विळा दगडावर घासायचा आवाज तेवढा येत राहिला. उज्वला घरात जाऊन कणगीला टेकून बसली आणि रडली. एरवी ती रडणाऱ्यातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खेळाचे गुरुलिंग सर मोटारसायकलवर आले आणि त्यांच्या मागं टमटममध्ये बसून अख्खा संघ आला. सर म्हणाले, पोरी सोयाबीन काढून देतील, तुम्ही उज्वलाला सोडा. ग्यानोबा ओशाळला. पण उज्वलाची आई गुणाबाई पुढं झाली. फुकटची मेहनत ती कुणाची घेत नसे.

"सावड म्हणून करत असाल तर करा," ती म्हणाली. "आज तुम्ही आमच्या रानात, उद्या उजी तुमच्या. एकेकीचा दिवस फेडील. कबूल असंल तर इळे देते."

पोरी कबूल झाल्या. सगळ्यांच्या घरी थोडीबहुत शेती होती, सावड त्यांना नवी नव्हती. एकटी जेबा तेवढी गावातली, म्हणजे देगलूरची. तिचा बाप मकबूल गाद्या भरायचा. बसस्टँडच्या मागं त्याचं पिंजाऱ्याचं दुकान होतं आणि जेबा तिथं कापूस उडवत मोठी झाली होती. संघात चेंडू उचलून द्यायचं काम तिचं. मागून कसाही वेडावाकडा चेंडू येवो, जेबाच्या दहा बोटांवर तो टेकायचा, पिंजलेल्या कापसासारखा हलका होऊन वर जायचा आणि नेटच्या वर जरा थांबल्यासारखा व्हायचा. उज्वला धावत येऊन उडायची तेव्हा तो तिथंच असायचा. उज्वलाच्या नावानं टाळ्या पडत. जेबा मागं उभी राहून ओढणीच्या टोकानं कपाळ पुसत असे.

पाती लागल्या. जिनं तिनं आपल्या वाट्याच्या ओळींची पात धरली.

"उजे, इळा कसा धरायचा ते दाखीव की," जेबा म्हणाली.

"बघ अन् कर. लई सोपं हाय."

उज्वलाला कुठंही मागं राहायची सवय नव्हती. वाकली तशी ती सरसर पुढं गेली. मागं वळून बघायला तिला सवड झाली नाही. जेबानं डाव्या हाताच्या मुठीत ताटं धरली, पण मूठ खाली आणि विळा वर असं उलटं धरलं. दोन मुठी निघाल्या. तिसरीला विळा ताटांवरून घसरला आणि मधल्या बोटाच्या पेऱ्यात गेला.

ती ओरडली नाही. नुसती बसली. शेजारच्या पातीवरच्या पोरीनं रक्त बघितलं तेव्हा सगळ्यांना कळलं. गुणाबाईनं लुगड्याचा काठ फाडला, हळद भरून बोट आवळून बांधलं. गुरुलिंग सर दवाखान्यात चल म्हणाले. जेबा म्हणाली, "काही न्हाई झालं सर. पात सोडून जाऊ का मधीच?" आणि एका हातानं ताटं गोळा करत तिनं पात पुरी केली. दिवस बुडायच्या आत रान मोकळं झालं, गंजीवर ताडपत्री पडली. ग्यानोबानं पोरींपुढं हात जोडले तर पोरी लाजून एकमेकींच्या मागं लपल्या.

लातूरच्या मैदानावर जेबा चिंधी बांधलेलं बोट दुमडून खेळली. पहिला डाव तिचे चेंडू इकडंतिकडं गेले, उज्वला दोनदा हवेत हात मारून खाली आली. मग जेबानं नऊ बोटांवर जमवून घेतलं. त्या दिवशी उज्वलानं जे मारलं त्याची गोष्ट गुरुलिंग सर पुढं निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या संघाला सांगत. संघ जिंकला. राज्यासाठी उज्वलाचं नाव पुकारलं. जेबाचं पुकारलं नाही. निवडणाऱ्यांपैकी एक बाई तिची चिंधी बघून म्हणाली, "असा हात घेऊन कशाला आलीस गं?"

परतीच्या एसटीत जेबा उज्वलाच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती.

"तुझी सावड कशी फेडू?" उज्वलानं विचारलं. "तुला रान न्हाई."

"व्हईल की कवा तरी."

"अन् न्हाई झालं तर?"

"तर अंगावर राहू दे. काय वजन होऊन राहिलं का तुला?" जेबा हसली आणि झोपून गेली.

उज्वलानं दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांच्या सावडी फेडल्या. कुणाचा कापूस वेचला, कुणाची ज्वारी खुरपली. जेबाची तेवढी राहिली. ती मकबूलच्या दुकानात गेली आणि म्हणाली, चाचा, मला गाद्या भरू द्या. मकबूल दाढीतला कापूस झटकत हसला. "अरे बेटी, तू नाक में रुई भर लेगी. जा, चाय पीके जा." जेबाची आई बेगमबीनं चहा दिला. जेबा पडद्याशी उशीला टाके घालत बसली होती. बोट बरं झालं होतं, पण पेऱ्यातून वाकडं राहिलं होतं. उज्वलाची नजर तिकडं गेली. जेबानं हात उशीखाली घेतला.

तेवढी एक हालचाल उज्वलाच्या मनात रुतून बसली. पुढं किती वर्षं, ती कुठं कुठं गेली, तरी निघाली नाही.

उज्वला गेली मात्र बरीच लांब. लातूरच्या कॉलेजात वसतिगृहात राहून खेळली. महाराष्ट्राकडून खेळली. विद्यापीठाची कप्तान झाली. पुण्याच्या, केरळच्या, कुठल्या कुठल्या पोरी तिच्यासाठी चेंडू उचलू लागल्या. त्यांची उंची चांगली, हात शिकलेले, चेंडू कसा पाहिजे तसा देणाऱ्या. उज्वला मारायची, गुण मिळायचे, पेपरात फोटो यायचा. पण उडी मारून वर गेल्यावर दरवेळी तिला वाटायचं की चेंडू असायला पाहिजे तिथं नाही, बोटभर इकडं आहे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर माज आला म्हणाले असते.

देशाच्या शिबिराला ती जाऊन आली. अंतिम संघात तिचं नाव आलं नाही. मग खांदा धरला. खेळाच्या कोट्यातली नोकरी येते येते म्हणता आलीच नाही. घरच्यांनी स्थळ बघितलं, देगलूरच्या मोंढ्यात आडतीवर काम करणारा रामलिंग. माणूस गरीब स्वभावाचा, तिची पदकं त्यानं हौसेनं भिंतीवर लावली. गुरुलिंग सर निवृत्त होताना स्वतःची शिट्टी तिच्या गळ्यात घालून गेले आणि शाळेनं तिला कंत्राटावर ठेवलं. ग्यानोबा वारल्यावर गुणाबाई लेकीजवळ राहायला आली. येताना विळे घेऊन आली, कुणास ठाऊक कशाला.

गुणाबाईचं एक ठरलेलं होतं. काढणीचे दिवस आले, आभाळ भरलं, की ती विचारायची, "त्या पिंजाऱ्याच्या पोरीची सावड फेडली का गं?"

"न्हाई."

"फेडून टाक. सावड अंगावर ठेवून आपल्या घरातलं कुणी गेलं न्हाई."

जेबाचं लग्न केव्हाच झालं होतं, धर्माबादकडं, अनस नावाच्या मुलाशी. लग्नाला उज्वला स्पर्धेमुळं जाऊ शकली नव्हती. स्पर्धा नसती तरी गेली असती का, हे तिचं तिलाच माहीत. मकबूलकडून तिनं जेबाचा फोन नंबर घेऊन ठेवला होता. तो नंबर एका फोनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहिला. लावला कधीच नाही. लावून काय बोलायचं? मी खेळले, तुझं बोट गेलं, कशी आहेस?

मैदानावर मात्र उज्वला मॅडमचा दरारा होता. मारणाऱ्या पोरींना ती फार बोलत नसे. चेंडू उचलणाऱ्या पोरीची मात्र खैर नसायची. "हाताला कापूस लागल्यावानी दे. दगड काय फेकतीस?" कापूस कसा लागतो हे पोरींना कळायचं नाही. यंदाची शिल्पा गुणाची होती, निमूट ऐकायची. तालुक्याच्या अंतिम सामन्यात आणीबाणीच्या वेळी बाजूला उभी असलेली उज्वला ओरडली, "जेबा, मागं दे!" शिल्पानं मागं दिला, गुण मिळाला. सामना संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "मॅडम, जेबा कोन हाय?"

"होती एक," उज्वला म्हणाली आणि नेट सोडायला गेली. नेटच्या गाठी तिला सुटेनात.

संक्रांत होऊन गेली आणि एका संध्याकाळी सराव चालू असताना फोन वाजला. इतकी वर्षं जपलेलं नाव पडद्यावर उमटलं. उज्वलानं शिट्टी सोडून फोन कानाला लावला.

"उजे, मी बोलून राहिले. शाळेतून नंबर घेतला." आवाज जाड झाला होता, पण तोच. "सावड आठवती का?"

"आठवती."

"मंग रविवारी ये. मिरची तोडायची हाय. अर्ध्या वाट्यावर, बटईनं रान केलं यंदा. बाया सगळ्या तेलंगणात गेल्या जास्तीच्या मजुरीला, इकडं मिरची लाल होऊन गळून राहिली."

"येते."

"इळा लागत न्हाई. भिऊ नको." फोन ठेवला गेला.

शेवटचं वाक्य उज्वलानं रात्रंदिवस घोळवलं. थट्टा होती का टोमणा? थट्टा असेल तर जेबा तीच होती. टोमणा असेल तर जाऊन एक दिवस मान खाली घालून राबायचं, हिशेब मिटवायचा आणि परत यायचं. मिटवल्यावर मग काय?

गुणाबाईनं जुनं लुगडं पिशवीत घालून दिलं. "फेडूनच ये," ती म्हणाली. उज्वलानं लुगड्याखाली शाळेचा सगळ्यात चांगला चेंडू ठेवला. कशासाठी ते तिला पक्कं माहीत होतं. एकदा, फक्त एकदा, जेबाच्या हातचा चेंडू वर गेलेला बघायचा होता. खांदा निखळला तरी चालेल, मारायचा होता.

फाट्यावर जेबा उभी होती. अंगानं भरली होती, तोंडाला ओढणी बांधलेली, नवऱ्याचा जुना सदरा घातलेला. उज्वला एसटीतून उतरली तशी जेबानं खिशातून चिंध्या काढल्या.

"बोटं बांध. न्हाई तर रातभर आग होईल."

अनस पलीकडं पोती भरत होता, त्यानं लांबूनच सलाम केला. पाती लागल्या. झाडं कंबरेएवढी, लालभडक लगडलेली, उन्हात वास असा उठत होता की उज्वलाला पहिल्याच झाडाला शिंका सुरू झाल्या. शिंकत शिंकत ती ओढत होती आणि मिरचीबरोबर फुलं, कोवळी फांदी, सगळंच हातात येत होतं. पलीकडच्या बांधावरून दोन म्हाताऱ्या बाया तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. उज्वलाचे कान तापले. इतक्या मैदानांवर ती खेळली होती, पण असं कुणी हसलं नव्हतं.

"कसं तोडायचं ते दाखीव की," ती म्हणाली.

जेबा पुढच्या झाडावर होती. तिनं मागं वळून बघितलं. ओढणीच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"बघ अन् कर," ती म्हणाली. "लई सोपं हाय."

जेबा मात्र मागं आली. तिनं उज्वलाचा हात धरला, अंगठा देठावर ठेवला. "वर उचल. खाली ओढू नको. असं." मिरची देठासकट अलगद सुटली. ते वाकडं बोट मिरचीच्या मागं आधाराला लागत होतं, जणू त्यासाठीच वाकलं असावं.

दुपारी बाभळीखाली भाकऱ्या सोडल्या. हात तीन पाण्यांनी धुतले तरी घास तोंडाला लागला की आग होत होती. उज्वलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मिरचीचं होतं म्हणून तिला सोपं गेलं.

"जेबा, तुझं बोट," ती म्हणाली. "माझ्यामुळं गेलं. दाखवायला पाहिजे होतं मी. खेळ सुटला तुझा."

जेबा भाकरी चावत होती. चावून झाल्यावर बोलली.

"बोटानं सुटला व्हय? नऊ बोटांवर लातूर जिंकलं मी. अकरावीला परत गेले ग्राउंडवर. सर बी ये म्हणले. नवी मारणारी पोरगी होती, चांगली होती. मी चेंडू वर दिला की ती यायची, अन् मला वाटायचं ही कोन हाय. चार दिस गेले अन् सोडलं." तिनं पाण्याचा तांब्या उज्वलाकडं सरकवला. "तू मारायला नव्हतीस म्हणून सोडलं, उजे. बोटाचं काय घेऊन बसलीस?"

उज्वलानं तांब्या न पिताच खाली ठेवला.

"उशीखाली हात घेतलास तू. त्या दिवशी."

"मंग? तू माझ्याकडं बघतच नव्हतीस. बोटाकडंच बघून राहिली होतीस." जेबाचा आवाज आता चढला. "एक डाव तरी यायचीस. अब्बाकडून नंबर नेला म्हणून कळलं, तवापासून फोन वाजला की मी धावून राहिले. लाज न्हाई वाटली तुला?"

"वाटली. म्हणून तर न्हाई लावला."

"येडी हाय तू," जेबा म्हणाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि पुसताना मिरचीचा हात लागला. मग दोघी बाभळीखाली आंधळ्या होऊन बसल्या, एकमेकींच्या डोळ्यांवर पाणी मारत. अनस धावत आला तर दोघी हसत होत्या. तो काही न विचारता परत गेला.

उन्हं कलली तेव्हा उज्वलाचा हात चांगला बसला होता. आता ती पुढं निघायला लागली. कंबर मोडली होती, खांदा ठणकत होता, पण जुनी सवय उसळून वर आली. दिवस मावळायच्या आत रान साफ करायचं. आणि रान संपत आलं तसतसं तिला आठवलं की पिशवीत चेंडू आहे. ती बाभळीशी गेली आणि लुगड्याखालून तो काढायला वाकली.

"हात लावू नको," जेबा मागून ओरडली. ती येऊन पिशवीपाशी उभी राहिली. चेंडूकडं खूप वेळ बघत राहिली. हात तिनं पाठीमागं धरले होते. "मिरचीचे हात हायेत. उद्या तुझ्या पोरी ह्यानं खेळतील, डोळ्याला हात लावतील. लेकरं आंधळी करतीस का?"

"एकच दे, जेबा. एकदाच. मी लई वाट बघितली."

"मी काय कमी बघितली? आज नको. तोडणी संपली की हात निवतात. तवा ये."

उज्वलाला राग आला, रडूही आलं. ती न बोलता पातीवर परत गेली आणि भराभर तोडू लागली. एकच पात उरली होती. सावड तरी फेडून जावी. ती पातीच्या तोंडाशी पोचली तर जेबा आडवी आली आणि तिच्या हातातली टोपली काढून घेतली.

"राहू दे."

"एकच हाय. आत्ता होईल."

"म्हणून तर. ही झाली की तुझी सावड फिटली. मंग परत कामून येशील?" जेबानं टोपली कमरेवर घेतली. "पात तुझी. कुणाला हात लावू देत न्हाई मी. गळाली तर गळाली."

एसटी येईपर्यंत दोघी फाट्यावर उभ्या राहिल्या. बोलायचं सगळं बोलून झाल्यासारखं होतं आणि काहीच बोलून झालं नव्हतं. गाडी दिसली तेव्हा जेबानं दोन्ही हात उंच केले, कपाळाच्या वर, दहाही बोटं पसरून. गाडी थांबवायला असा हात कुणी करत नाही. ड्रायव्हर मात्र थांबला.

घरी दिवेलागण झाली होती. गुणाबाई दारातच बसली होती. लेकीचे सुजलेले हात तिनं बघितले, आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी आणली आणि चोळायला घेतलं. बराच वेळ चोळून मग तिनं विचारलं.

"फेडली का?"

"न्हाई. एक पात राहिली."

गुणाबाईचा हात थांबला. आता बोलणी बसणार म्हणून उज्वलानं मान खाली घातली. म्हातारीनं लेकीच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं.

"मंग परत जावं लागंल," ती म्हणाली.

"हाव," उज्वला म्हणाली. "जावं लागंल."